अकरा दिवसांचा भोपळा

सायमन भिंगारदिवे शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण जामखेडात त्यांना ओळखतात ते जिभेमुळे. चर्चच्या हंगामाच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, भाज्या देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. वीस वर्षं तो सायमनच पुकारतात. एकदा तर त्यांनी चार वांगी बोकडाच्या भावात खपवली होती.

यंदा मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. चर्चमागच्या बाजारगल्लीत कचऱ्याचा डोंगर साचलेला. नगरपरिषदेनं बजावलं होतं, महिनाअखेर गल्ली साफ झाली नाही, तर भाजीवाल्या बायकांना गावाबाहेर माळावर बसावं लागणार होतं. चर्चचे पंच आणि व्यापारी यांच्या तीन बैठका झाल्या. चहा भरपूर झाला, काम शून्य.

म्हणून सायमननी सणाला व्यापाऱ्यांनाही आवतण दिलं, भलाथोरला लाल भोपळा उचलला आणि गरजले, "आज रुपये न्हाईत! गल्लीत किती दिस राबनार, ते बोला!"

हार्डवेअरवाले आसारामशेठ हसत म्हणाले, "ट्रॅक्टरसकट दोन दिस."

"शेठ दोनातच दमले!" सायमन ओरडले. कापडवाले बिभीषण चारवर गेले, चर्चची तरुण मंडळी सातवर. सायमनना चेव चढला. तेवढ्यात दारात कोथिंबिरीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या लंकाबाई कडाडल्या, "अकरा!"

एक वार, दोन वार, तीन वार! टाळ्या पडल्या, आणि सायमननी कपाळावर हात मारला. लिलावात द्यावं लागतं ते शेवटच्या बोलीवाल्याला, बाकीचे सगळे सुटले! आता राबणार कोण, तर साठी उलटलेल्या एकट्या लंकाबाई. सायमनना स्वतःचा भयंकर राग आला.

लंकाबाईंनी मात्र तिथंच बसकण मारली. विळा काढला, भोपळ्याच्या फोडी केल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवू लागल्या.

"शेठ, देवापुढची वस्तू हाय. तुमचे दोन दिस. बिभीषनभाऊ, चार."

देवाच्या दारात हातावरची फोड परत कोण करणार? सगळ्यांनी मुकाट घेतली. शेवटची फोड सायमनपुढे आली.

"मी कुठं बोली लावली?"

"तुमीच वरडून वरडून समद्यांना चढवलं. माझ्यासंगं तुमचे बी अकरा!"

सोमवारी फावडी निघाली, शेठचा ट्रॅक्टर आला. नवव्या दिवशी गल्लीची फरशी दिसली. उरलेल्या दोन दिवसांत सायमननी बायकांना बसायला ओटा बांधला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माळावर कुणीच गेलं नाही. सायमन कंबर धरून, पण खुशीत, कोथिंबीर घ्यायला आले. लंकाबाईंनी पाटी सरकवून शेजारी जागा केली.

"बसा भाऊ. हितं आता बसावं वाटतंय."