आधी पोटात काय आहे ते सांग

दुखणं घेऊन आमच्या आतोबांच्या दारात गेलेला एकही माणूस आजवर उपाशी पोटी परतलेला नाही, आणि अख्ख्या बुऱ्हाणपुरात असं दुसरं घर नाही हे मी छातीठोकपणे सांगतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण परीक्षा घेण्याची सवय निवृत्त झाली नाही. राजपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत एक स्टीलचा डबा असतो. त्यात ताप-अंगदुखीच्या साध्या गोळ्या, सगळ्या अखंड पाकिटात, नाव आणि तारीख वाचता येईल अशा. कात्रीने कापून दिलेल्या सुट्या गोळ्यांवर त्यांचा भारी राग. एकदा मी खिशातून तसला एक तुकडा काढला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "नाव नाही, तारीख नाही. असा पाहुणा तू घरात घेशील का? मंग पोटात कसा घेतो भाऊ?" तो तुकडा त्यांनी माझ्यादेखत कचऱ्यात टाकला.

गल्लीत कोणाचं काही दुखलं की लोक आधी त्यांच्याकडे येत. डॉक्टरकडे जावं इतकं दुखणं मोठं नसे, आणि दुकानातून आणावी तर गोळी कोणती हे ठाऊक नसे. पण आतोबांकडून गोळी मिळवणं म्हणजे सरकारी दाखला मिळवण्यासारखं. आधी पोटात काय आहे ते सांग. सकाळपासून दुसरी कोणती गोळी घेतली? बीपी आहे का, किडनीचं काही, ॲसिडिटी, रक्त पातळ करायची गोळी? किती दिवस झाले दुखून? तीन-चार दिवसांच्या वर गेलं असेल तर डबा मिटायचा आणि माणसाची रवानगी डॉक्टरकडे व्हायची. एका चैत्रात लग्नसराईमुळे बुधवाऱ्यातल्या माझ्या साड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी डोकं फुटायला आलं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. पोटात काय, तर दोन कप चहा. त्यांनी मला दोन तांबे पाणी पाजलं, आत्याला पोहे टाकायला सांगितले आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली नुसतं बसवून ठेवलं. मग मी गोळी मागितली, तर म्हणाले, "कशाला? अजून दुखते का?" दुखत नव्हतं. आतून आत्या म्हणाली, "डोकं याचं दुखते, अन हात माझे चालतात." आम्ही दोघं हसलो.

लग्नकार्यात आतोबांना बोलावणं ही जोखीमच. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवऱ्याचा मामा सर्दी-तापाने हैराण झाला होता. त्याने सकाळी सर्दीची गोळी घेतली होती, दुपारी पुन्हा घेतली, आणि आता वर तापाची गोळी घ्यायला पाण्याचा ग्लास उचलला होता. आतोबांनी तो ग्लास हातातून काढून घेतला. आत मंगलाष्टकं चालू, आणि बाहेर हे दोघं दोन्ही पाकिटं उन्हात धरून मागची बारीक अक्षरं वाचतायत. दोन्हींत औषध तेच. "वरची नावं दोन, आतला माल एकच," आतोबा म्हणाले. "दोन दुकानांतून आणली म्हणून पोटात जाऊन दोन औषधं होतात का? जास्त झाली ना, तर लिव्हर बोंबलत नाही, चुपचाप बसून जाते." दिवसभरात किती पोटात गेली याचा हिशेब लावून त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत थांबवलं. मामा रुसला, अक्षता टाकायच्या राहिल्या, पण पुढे तोच आपल्या गावात लोकांच्या पाकिटांची मागची बाजू वाचत फिरू लागला.

फोपनार गावचं प्रकरण तर कळस होतं. तिथे एका ओळखीच्यांच्या केळीच्या बागेत घड कापायला येणारी माणसं सकाळी कोऱ्या चहाबरोबर दुखण्याची गोळी घेतात, म्हणजे दिवसभर पाठ बोलत नाही, असं आतोबांच्या कानावर आलं. दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर बसून निघाले. बांधावर उभं राहून म्हणाले, "ऊन असं, पाणी कमी, पोट खाली, अन वरून ही गोळी. किडनी किती दिवस सांभाळून घेईल तुम्हाला?" माणसं म्हणाली, "सर, इतक्या सकाळी खायाला कोण करून देईल?" आतोबांना हे पटलं. त्यानंतर पूर्ण हंगामभर आठवड्यातून दोन दिवस स्कूटरच्या पुढे भाकरी आणि ठेच्याचा डबा असायचा. त्या भाकरी कोण थापायचं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

गेल्या श्रावणात एका सोमवारी मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. पुढच्या खोलीत दोन माणसं पोह्यांची वाट पाहत बसली होती आणि आतोबांची परीक्षा चालू होती. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. आत्या ओट्याशी कोसळली होती, चेहरा कागदासारखा पांढरा. महिनाभर ती जिना चढताना धापा टाकत होती, आणि आम्ही सगळे ते वयावर ढकलत होतो. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि शौचाला काळी होते का, असं तिला विचारलं. ती मान हलवून हो म्हणाली. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. "दुखण्याची कोणती गोळी घेतात या?" डॉक्टरांनी आतोबांना विचारलं. आतोबा ठामपणे म्हणाले, "ही? नाही, ही एकही घेत नाही." तेव्हा आत्याने खुणेने माझ्याकडे आपली पिशवी मागितली आणि आतून कात्रीने कापलेला एक तुकडा काढून आतोबांच्या हातात ठेवला. त्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती.

गुडघ्यांसाठी घेत होती. आठ महिने, रोज एक, सकाळी ओट्याशी उभं राहायच्या आधी. शेजारणीकडून मागवायची आणि जिऱ्याच्या डब्यात ठेवायची. डॉक्टरांनी पुढचं विचारलं, "काही खाऊन घेत होत्या की रिकाम्या पोटी?" आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. गावाला चाळीस वेळा विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आत्याच हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, आधी खाऊन घे. तुमची माणसं खाऊन जाईपर्यंत अकरा वाजतात. मी कवा खाऊ?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच जास्त लागलं. तो तुकडा आतोबांनी डॉक्टरांना दिला आणि रक्ताची सोय करायला स्वतः निघाले.

रक्त चढलं, जखम भरली, आत्या सावरली. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आतोबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी ते मला सांगितलं आणि त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. डबा अजून पुढच्या खोलीत आहे, प्रश्नही तेच आहेत, माणसंही येतात. फोपनारला भाकरी आता तिथल्याच एका बाईंकडून जातात. पोहे मात्र आतोबा करतात. आत्या दाराशी खुर्ची टाकून डॉक्टरांनी सांगितलेला पायांचा व्यायाम करत बसते आणि तिथूनच फोडणी जळल्याचं सांगते.

परवा डोकं धरून मी गेलो. मला वाटलं, आता परीक्षा. पण आतोबा माझ्याकडे न बघता बशी घेऊन खुर्चीपाशी गेले. "जेवली का तू?" आत्या म्हणाली, "चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही, अन आता दिवसातून दहादा विचारता." ते म्हणाले, "ते राहिलेलं आहे ना, ते पुरं करून राहिलो," आणि ती खायला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग मला पोहे मिळाले. त्यांत मीठ अजिबात नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. ती मिठाचं नाव न काढता बशी संपवत होती.