वाळूवरची लाल साय

आई गेल्यावर दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी गावाकडून, कन्नडहून, शहरात आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. बाल्कनी, हॉल, जिना, पुन्हा बाल्कनी. बसले तरी एक पाय हलतच राहायचा.

हॉलमध्ये माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी होती, दोन वर्षं जपलेली. दादा आल्यावर महिन्याभरात तिच्या वाळूवर लाल डाग दिसला. आठवड्यात त्याची साय झाली, मखमलीसारखी. दगडांवरही चढली. नळीनं ओढून काढली की दोन दिवसांत परत हजर. कंपनीत कामावर असतानाही तीच डोळ्यांपुढं. जेवता जेवता मी उठून काचेशी जायचो.

"ताट तरी संपवा," बायको म्हणायची.

मासेवाला दुकानदार म्हणाला, पाणी बदला. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. तरी फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून मी चार बादल्या बदलल्या. बायको रिकाम्या पिंपाकडं बोट दाखवून आत गेली. साय मात्र वाढतच गेली.

एकदा डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आलो. दादा टाकीपुढं खुर्ची टाकून बसले होते. हातात माशांच्या खाद्याचा डबा, अन् मूठ पाण्यावर.

"दादा, हे काय?"

"उपाशी हायेत रं. तू सकाळी चिमूटभर टाकतो अन् जातो. दिसभर माझ्याकडं बघत्यात."

"रोज टाकता?"

"व्हय. दोन-तीनदा."

न खाल्लेलं सगळं तळाशी कुजत होतं, त्यावरच ती साय पोसली जात होती. माझा आवाज चढला. "तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?"

त्यांनी डब्याला झाकण लावलं. "नाय सुचत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन खाली फाटकाशी उभे होते.

"कुठं निघालात?"

"कन्नडला. तिथं माझ्या हातून काय नासणार नाय."

माफी मागायला जीभ उचलेना. मी म्हणालो, "आज साय काढायचीय. बादली धरायला माणूस लागतं."

त्यांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग पिशवी माझ्याकडं दिली.

आम्ही दोघांनी साय ओढून काढली, दिवे बंद केले, टाकीवर चादर टाकली. उजेड नसला की साय मरते, म्हणून तीन दिवस अंधार ठेवायचा होता. दादा दर तासाला चादरीपाशी जायचे, आणि मला बघून मागं फिरायचे. मीही तेच करत होतो. एक मासा गेला. बाकीचे जगले. खाणं एक दिवसाआड केलं, तशी महिन्याभरात साय विरली.

दिवाळीनंतर दादा कन्नडला परतले. भांडण नव्हतं, मीच बसमध्ये बसवून दिलं. आठवड्यानं फोन केला.

"करमतं का तिथं?"

"इथंबी नाय," ते म्हणाले, आणि माशांचं विचारू लागले.