टकळीचा नेम

टकळी बोलायला लागली की मध्ये श्वास कधी घेते, हे तीन वर्षं एका खोलीत राहूनही मला समजलं नाही. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, आणि समोरच्यानं नुसतं हो म्हणून सुटका करून घ्यायची. टकळी हे नाव मीच ठेवलं, तेही वैतागून. आता त्याच नावानं तिचा पहिला अल्बम निघालाय. हिप-हॉपची नऊ गाणी आहेत, आणि माझ्या गाण्याच्या क्लासातल्या मुलीसुद्धा ती कानात घालून येतात. मला त्याचा त्रास होतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ती बोरगावची, जैन शेतकऱ्याच्या घरची. मी खानापूरकडची. कॉलेजसाठी आम्ही दोघी बेळगावात अनगोळला खोली घेऊन राहायचो. मी सातव्या वर्षापासून गाणं शिकलेली, पहाटे तंबोरा लावून बसणारी. हिची सुराशी तोंडओळखही नव्हती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून धावत यायची आणि ताटावर बोट आपटत ओळी म्हणायची. एकदा मी विचारलं, याला गाणं म्हणायचं का?

"गाणं न्हवंच ते," ती म्हणाली. "सांगणं हाय. तुझं तू गा की."

आवाज गोळा करायची तिला खोड होती. निपाणी स्टँडवरची कंडक्टरची शिट्टी, तंबाखूच्या वखारीतल्या चाळण्या, शेतातली मोटर सुरू होतानाची घरघर, सगळं फोनमध्ये भरून आणायची आणि त्यावर शब्द बसवायची. एका पहाटे माझा रियाजही भरून घेतला. दोन दिवस त्याच्याशी झटापट केली आणि पुसून टाकला. "तुझं लई गोड हाय गं. माझ्यात बसंना," म्हणाली. इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून लागतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी भावगीत गायले. टाळ्या पडल्या, पण लोकांनी बसून वाजवलेल्या. नंतर ही आली, दोन-तीन मिनिटं बोलली, आणि मागची पोरं बाकांवर चढली. तिथूनच तिला कोल्हापूरचं बोलावणं आलं. गणपतीत मोठा कार्यक्रम होता आणि तिला एकटीला पंधरा मिनिटं मिळणार होती. मला तोवर कुणी साधं खानापूरलाही बोलावलं नव्हतं.

त्यांच्या जैनांत चातुर्मासात प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी गूळ सोडतं, कुणी पालेभाजी. बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, मुनिमहाराजांसमोर नेम घेतला की चार महिने मोडायचा नाही. त्या वर्षी गावी जायच्या आदल्या दिवशी तिनं मला सहज विचारलं, "औंदा काय सोडू गं?"

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "सगळ्यात आवडतं ते सोडावं. रॅप सोड."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "व्हय, खरं हाय." चार दिवसांनी परतली ती नेम घेऊनच. चार महिने एक ओळ तोंडातून काढायची नाही. कोल्हापूरला नको म्हणून तिनं स्वतःच कळवलं. त्या संध्याकाळी मी शेवयांची खीर केली आणि दोन वाट्या खाल्ल्या.

खीर काही पचली नाही. म्हणायला बंदी होती, लिहायला नव्हती. टकळी भिंतीला टेकून बसायची आणि वह्या भरायची. ओठ हलायला लागले की ओढणी तोंडात धरायची. पूर्वी ओळ सुचली की उडवून मोकळी व्हायची, आता तीच ओळ आठ-आठ दिवस पोटात ठेवायला लागली. नेम सुटल्यावर तिनं पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मला कळलं की ही थांबायला शिकली. कुठं थांबावं हे मला माझ्या गाण्यात बारा वर्षांत नीट जमलेलं नव्हतं. अल्बममधली सगळी गाणी त्याच वह्यांमधली आहेत.

कॉलेज संपून खोली सुटल्यावर, कायमची बंगळूरला जायच्या आधी ती माझ्याकडे आली. फोन पुढ्यात ठेवला, नऊही गाणी ऐकवली आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी म्हटलं, "छान आहेत."

"लई जळालीस न्हवं?" तिनं विचारलं. ती हसत नव्हती.

मी फोन तिच्याकडे सरकवला. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"मेथी निवडत हुतीस तवापासनं."

"मग माझं ऐकलंस कशाला?"

"घरात माझं कोण ऐकतच न्हवतं गं. आई म्हणायची बडबड बंद कर. आप्पा म्हणायचं, लगीन झालं की गप बसंल. तू एकटी जळत हुतीस. एवढी गाण्यातली पोरगी माझ्यावर जळतीया म्हंजी माझ्यात कायतरी हाय, असं वाटायचं. म्हणून तुझं ऐकलं, आन् तेवढ्यावरच चार म्हैनं दम धरला बघ." एवढं बोलून ती घड्याळाकडे बघत उठली. बस चुकेल म्हणाली.

आता तिचे फोन कमी झालेत. अल्बमखाली लोक लिहितात ते मी रोज वाचते. कौतुकाचं मला फारसं काही वाटत नाही, ते सवयीचं झालंय. परवा मात्र एका मुलीनं, तीही रॅप करणारी, लिहिलं होतं की हिचं ऐकलं की माझा नुसता जळफळाट होतो. ते वाचून मी फोन पालथा घातला. ते काम माझं होतं.