तुरपाई करता करता ऐकणाऱ्या गयामावशी

शाळेत दुपारची खिचडी वाढून झाली होती. मी ताट घेऊन बसणार तेवढ्यात संगीताचा फोन आला. "मॅडम, आमच्या आत्याबाई गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. संगीता म्हणजे गयामावशींची सून. त्याला आता सात आठवडे होत आले, तरी शाळेतून येताना त्यांच्या दाराकडे मान वळतेच...

सेनगावजवळच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्याला मावशींचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि एक लाकडी बाक. ब्लाऊज शिवून घ्यायला आलेली बाई काही मनातलं बोलू लागली, की मावशी मशीन थांबवायच्या आणि हातात तुरपाई घ्यायच्या. टाक्यामागून टाका घालायच्या, वर बघायच्या नाहीत. तांड्यावरच्या बाया, मास्तरांच्या बायका, नव्या सुना... त्या बाकावर बसून कोण काय सांगून गेलं असेल, देव जाणे. गावात त्यातला एक शब्द कधी फुटला नाही.

मीही त्यातलीच एक. सहा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला, वंदनाला, ब्लाऊज शिवून द्यावा म्हणून कापड घेऊन गेले. मावशींनी विचारलं, "माप आनलं का?" मी म्हटलं, नाही. "सख्ख्या भैनीचं माप न्हाई तुमच्यापाशी? कनेरगाव नाक्यालाच तर दिली ना तिला. जात न्हाई काहून?" त्यांनी साधंच विचारलं होतं, पण माझे डोळे भरून आले. मावशींनी कुणाचा तरी परकर मांडीवर ओढला. "रडून घे पोरी. मी काम करून राहिले, मला घाई न्हाई." एरवी त्या मला मॅडम म्हणायच्या.

मग मी सांगितलं. आमची आई लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. वडील म्हणाले होते, दोघींपैकी एकीलाच शिकायला बाहेर जाता येईल, दुसरीनं आईजवळ राहायचं. वंदनानं नर्सिंगचा अर्ज भरला होता, मी डी.एड.चा. तिचं निवडीचं पत्र आधी आलं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. मी ते वाचलं आणि चुलीत घातलं. पुढे मी मास्तरीण झाले. वंदनानं दोन वर्षं आईचं सगळं केलं. आई गेल्यावर तिचं लग्न लावून दिलं. ते पत्र जाळल्याचं पाप फिटावं म्हणून मी किती गुरुवार धरले, औंढ्याला जाऊन अभिषेक केला. पण देवासमोरही तोंड उघडून कधी बोलले नव्हते.

 मावशींनी परकर संपवून दोरा दातानं तोडला आणि मला पाणी दिलं. घरी गेल्यावर मला अशी भूक लागली की उभ्यानंच दोन भाकरी खाल्ल्या. बावीस वर्षांत अन्नाला अशी चव नव्हती.

आठ दिवसांनी मी परत गेले आणि तेच पुन्हा सांगायला लागले. खरं तर तो हलकेपणा मला पुन्हा हवा होता. या वेळी मावशींनी वर बघितलं. "आमच्या बुद्धाच्या धम्मात कुनी पाप धुऊन देत न्हाई, पोरी. मला सांगून तुझी तकलीफ कमी झाली, बराबर हाय. पर गोष्ट तिची हाय. तिला सांग."

"ती मला माफ करणार नाही."

"नको करू दे. तू माफी आनायला चालली का सांगायला?"

पुढच्या रविवारी मी कनेरगाव नाक्याला गेले. वंदना अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. तिचे हात थांबले. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे... माझा नंबर लागला होता?"

मी हो म्हटलं.

"कितवा?"

"तिसरा."

ती उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. पाच महिने तिनं माझा फोन उचलला नाही. मग एक दिवस आपणहून केला. "ताई, इतकी वर्षं मी सोताला ढ समजत होते. लेकरांचा अभ्यास घ्यायला बी भ्यायची. आता घेते." माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर आम्ही बोलू लागलो. कधी बोलता बोलता ती एकदम गप्प होते... मी फोन ठेवत नाही, थांबते.

शेवटच्या दुखण्यात मावशींना भेटले तेव्हा धीर करून विचारलं, "तुम्ही एवढ्या जणींचं ऐकलंत. तुमचं काही सांगायचं राहिलं का?" त्या हसल्या. "होतं एक. सुनेला सांगितलं. तिचंच होतं ते, तुला काहून सांगू?"

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना माझ्यासोबत आली. तिनं मावशींना कधी पाहिलं नव्हतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. पुढच्या खोलीत आम्ही दोघीच बाकावर बसलो होतो. मशीनवर संगीतानं चादर टाकली होती. वंदना मावशींच्या फोटोकडे बघत म्हणाली, "ताई, मला बी एक सांगायचं हाय. आईच्या शेवटच्या दिवसांत मी एकदा तिच्यावर हात उचलला. तिला बोलता येत न्हवतं. नुसती बघत राहिली माझ्याकडं."

बाहेर माझ्या घराकडची, सेनगावची जीप हॉर्न वाजवत होती. मी पिशवी उचलायला गेले, तर वंदनानं माझा हात धरला.

"जाऊ दे ती," ती म्हणाली. "दुसरीनं जाऊ."