खंडेनवमीला पेटलेलं इंजिन

आमच्या ह्यांच्या मनात एकदा आलं की आलं, मग ब्रह्मदेव आला तरी अडवू शकत नाही. गेल्या वर्षी मनात आलं, खंडेनवमीला वडिलांचं वाफेचं इंजिन चालू करायचं. सासऱ्यांनी गावाकडची शेती विकली, पण उसाचा चरक फिरवणारं हे चाकांवरचं धूड ट्रकवर घालून शहरात, हिमायतनगरच्या आमच्या घराच्या अंगणात आणलं. तेव्हापासून ते थंडच. पुढं सासरेही गेले. दर खंडेनवमीला मात्र हार, नारळ, कुंकू ठरलेलं. सासूबाई तर त्याच्या माथ्यावरच्या उंचवट्याला तेलात कालवलेला शेंदूर चोपडायच्या, अगदी मारुतीला चोपडावा तसा.

“आधी बॉयलर कुणाकडून तरी तपासून घ्या,” मी म्हटलं.

“घरच्या इंजिनाला कसली तपासणी? परेशान नको होऊ गं!”

झालं! शेजारीपाजारी फोन सरसावून गोळा झाले. ह्यांनी पाणी भरलं, लाकडं पेटवली. दाबाचा काटा सरकू लागला आणि ह्यांचा चेहरा असा फुलला की मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? मग काटा धोक्याच्या लाल रेघेला टेकला.

“अहो, कुकरला शिट्टी असते. ह्याची कुठंय?”

“जास्तीची वाफ सोडायला झडप आहे ना. ती काय वर, शेंदराखाली. उघडेल आपोआप.”

शेंदराखाली! बेगम बाजारातल्या शेंदराची वर्षानुवर्षांची पुटं, वाळून दगड झालेली. काटा रेघ ओलांडून गेला, झडप ढिम्म. हे फुटलं तर अंगणातलं कुणी वाचणार नाही, एवढं मला कळत होतं. ओरडून सगळ्यांना फाटकाबाहेर हाकललं, सासूबाईंनासुद्धा.

“विझवा ते!”

“थांब गं जरा. बाबांचं इंजिन एकदा फिरू दे. तू जा बाहेर.”

असा संताप आला म्हणता! खुर्ची ओढली आणि ह्यांच्या शेजारी, बॉयलरपाशीच ठाण मांडलं. “फिरू दे. मीही बघते.”

“वेडी आहेस का? ऊठ!”

“नाही उठत.”

ह्यांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फावडं घेतलं आणि भराभर निखारे बाहेर ओढले. हात पोळले तरी थांबले नाहीत. काटा हळूहळू उतरला.

“आता तरी ऊठ,” हे कसंबसं म्हणाले.

मी बसल्या जागीच ह्यांचे पोळलेले हात हातात घेतले. हे तिथंच मातीत बसले, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि वडील गेले तेव्हाही न रडलेला हा माणूस हमसून हमसून रडला.