मार्थाबाईंचा खोकला

सर्जेराव अप्पा रुपनवरांच्या घरात रोज दुपारी भांडण चालतं आणि घरात अप्पा एकटेच असतात. लासुर्ण्यात नवीन आलेल्या माणसाला हे नीट समजावून सांगावं लागतं.

"आरं वाक! वाक म्हणतो ना! तुझा गुडघा काय माझ्यासारखा गेलाय व्हय? वाक! ...झालं. गेला. मेलास ना? बस आता."

मग घशात दगड घोळवल्यासारखा एक खर्जातला आवाज भिंतीपलीकडून येतो : "मुसाफिर... तुम्हारा सफर यहीं खत्म हुआ."

आणि त्यावर अप्पा : "तुझ्या तोंडात माती. लाव पुन्यांदा."

हा सगळा गेमचा प्रकार. अप्पांचा मुलगा यशराज बारामती एमआयडीसीत कामाला होता. मागच्या दिवाळीनंतर त्याची बदली थेट तमिळनाडूत होसूरला झाली. जाताना त्यानं बायको नेली, मोटारसायकल नेली, कुंडीतली तुळससुद्धा नेली. फक्त टीव्हीखालचा तो काळा डबा राहिला. "अप्पा, मी तिकडं नवा घेतोय. ह्याच्या वायरी काढू नका, परत लावता येणार न्हाईत तुमाला," एवढंच सांगून गेला. अप्पांनी चार महिने त्यावर नुसता टॉवेल टाकून ठेवला होता.

मुक्ताबाई, अप्पांच्या मंडळी, त्या आधीच हडपसरला गेलेल्या. लेकीचं, सुप्रियाचं बाळंतपण होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. ती नात, छकुली, आता दहा महिन्यांची झाली, भिंतीला धरून उभी राहते, आणि मुक्ताबाई अजून तिकडंच. सुप्रियाची नोकरी आहे, लेकराला कोण बघणार? यात कुणाची काही चूक नाही. चूक नसली की भांडताही येत नाही.

मग एके दुपारी अप्पांनी टॉवेल उचलला आणि बटण दाबलं.

गेममध्ये जग जळून गेलेलं आहे. सगळीकडं राख. नद्या आटल्यात, गावं मोडलीत, आणि अंगावर फाटका कोट घातलेला एक माणूस पाणी शोधत चाललाय. तो माणूस म्हणजे अप्पा. यशराजनं सगळ्यात अवघड प्रकार लावून ठेवलेला आणि तो बदलायचा कसा हे अप्पांना माहीत नाही. त्यात हा गेम आपोआप काही लक्षात ठेवत नाही. कुठं अंथरूण दिसलं तर त्यावर झोपायचं, तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. अंथरूण सापडायच्या आत मेलं की मागच्या अंथरुणापासून पुन्हा सुरू.

पहिल्या महिन्यात अप्पा किती वेळा मेले याची गणती नाही. गढूळ पाणी पिऊन मेले. कुत्र्यांनी मारलं. नमस्कार करायचं आणि काठी मारायचं बटण शेजारी शेजारी, म्हणून एका दुकानदाराला नमस्कार करायला गेले आणि त्याच्या डोक्यात काठी घातली. अख्खं गाव मागं लागलं. वर आणि अप्पांना काही टाकवत नाही. गंजलेला नट दिसला, घे. दोरी, घे. फुटका डबा, घे. "कवा ना कवा कामाला येतंय." मग गेममधली बाई सांगायची, "आपका बोझ ज्यादा है," आणि तो कोटवाला जागचा हलायचा नाही. अप्पा तिच्यावर खेकसायचे, "माझं वझं मी बघीन! तू कोण सांगनार?"

पण अप्पा एकतीस वर्षं पाटकरी होते. कालव्यावरून चालायचं, चावीनं दारं उघडायची, पाळीप्रमाणं ज्याचं त्याला पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. एक दिवस त्यांना त्या राखेत एक सरळ चर दिसला आणि ते खुर्चीत ताठ झाले.

"इरफान," त्यांनी मोबाइल दुरुस्तीवाल्या इरफानला फोन लावला, "हा कालवा हाय रं! कोरडा हाय, पण ढाळ बघ की. कालवा असंल तर चौकी असनार. चौकीत मानूस ऱ्हात असनार. मानूस हाय म्हंजी अंथरूण आलंच!"

आणि खरंच चौकी निघाली. अंथरूण होतं, दोन डबे होते. तेव्हापासून अप्पा रस्त्यानं गेलेच नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता : "दादा लोकं कायम कालव्याच्या मुखाशी बसत्यात. माझ्या नोकरीत बी तसंच हुतं. शेपटाकडं कोण कुत्रं फिरकत न्हाय. आपन शेपटाकडनं जायाचं." इरफानच्या दुकानात इंटरनेटवर हे गेम बघणारे लोक येतात. तो म्हणतो, ही युक्ती त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हती.

अशाच एका शेपटाकडच्या चौकीत मार्थाबाई भेटल्या.

म्हातारी, डोक्याला फडकं, हातात पिशवी. अप्पा पुढं गेले की ती मागं यायला लागली. हा गेम एक साथीदार देतो, ती म्हणजे हीच. तिला सहाच वाक्यं येतात. "थोडा धीरे चलो, बेटा." "पानी है?" "राख में साँस नहीं आती." "मेरा घर नदी के पार था." "कोई आ रहा है क्या?" आणि कधीतरी, काही कारण नसताना, "तुम अच्छे इंसान हो." मध्ये मध्ये खोकला. अगदी खराखुरा, कोरडा, छातीतून येणारा.

अप्पा प्रत्येक वाक्याला नव्यानं उत्तर देतात.

"थोडा धीरे चलो, बेटा."

"चलतो की. हे बघा, थांबलो. चौसष्ट वर्सांचा झालो मार्थाबाई, आता मला बेटा म्हननारं तुमच्याबिगर कोन ऱ्हायलंय?"

संध्याकाळी मुक्ताबाईंचा फोन येतो. त्यांचा आवाज फोनशिवायही लासुर्ण्यापर्यंत पोचेल.

"भाजी काय केली?"

"पिठलं."

"काल बी पिठलंच हुतं."

"ते कालचंच हाय."

"आन् मगाशी मी फोन केला तवा कुनाशी बोलत हुता?"

"हाय एक बाई."

"कोन बाई?"

"टीव्हीतली. लई खोकती."

"मंग तिला अडुळसा उकळून द्या," मुक्ताबाई म्हणाल्या, "आन् टीव्ही बंद करा. ...आगं छकुले, आगं चप्पल! तोंडात घालती बघा, ठेवते मी." आणि फोन बंद.

अप्पा नंतर खरंच गेममधल्या दुकानात अडुळसा शोधत होते.

इरफान दर शुक्रवारी नमाज झाली की अप्पांकडं चहाला येतो. बेचाळीस वर्षांचा गडी, चार बोटांवर सोल्डरिंगचे चटके, आणि कुणाचीही नक्कल उतरवणारा. त्यानं सांगितलेली हापशाची गोष्ट आता सगळ्या गावाला पाठ आहे. तो आत आला तर अप्पा रिमोट मांडीवर ठेवून हाताची घडी घालून बसलेले. पडद्यावर एक मोडकी वस्ती, हापसा, हापशापुढं तिघं जण डबे घेऊन उभे, आणि त्यांच्यामागं फाटका कोट आणि मार्थाबाई. पडद्याच्या कोपऱ्यातली म्हातारीची तहानेची रेघ पार बुडाला टेकलेली.

"काय करताय अप्पा?"

"नंबर लावलाय."

"किती वेळ झाला?"

"पाऊन तास. पुढला लई वेळखाऊ हाय. डबाच भरंना त्याचा."

इरफाननं पडद्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "अप्पा, ती मानसं हलत न्हाईत. ती नुसती शोभंला उभी केल्यात. वळसा घालून म्होरं जावा, बटन दाबा, पानी घ्या."

"आन् ह्यांचा नंबर?"

"चित्र हाय हो ते!"

"चित्र असंना. एकतीस वर्सं मी पाळी मोडू दिली न्हाय, भल्याभल्यांच्या गाड्या आल्या तरी. आता ही तीन गरीब मानसं सोडून म्होरं घुसू व्हय?"

मागून मार्थाबाई म्हणाल्या, "पानी है?"

अप्पांनी मान खाली घातली. मग त्या तिघांना वळसा घालताना ते प्रत्येकाला म्हणाले, "बाई आजारी हाय, म्हनून. राग मानू नका." शोभेच्या तीन माणसांना. इरफान हे सांगताना दर वेळी हसतो, आणि दर वेळी इथं आला की त्याचं हसू थोडं लवकर संपतं.

त्याच दिवशी त्यानं अप्पांना गेममधली पुढची गोष्ट सांगितली. नदीपलीकडं दवाखान्याचा तळ आहे. मार्थाबाईंना तिथं पोचवायचं, हाच या भागाचा शेवट. फाटकाशी गेलं की एक बटण येतं, ती आत जाते, तिचा खोकला बरा होतो.

"आन् मंग?"

"मंग ती तितंच ऱ्हाती."

"भेटायला जाता येतंय का?"

"न्हाय. फाटक लागतंय. तुमाला दुसरा साथीदार देत्यात, बंदूकवाला. लई भारी हाय तो."

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "मंग न्यायचंच न्हाय," ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे त्यांनी मार्थाबाईंना नदीकडं पाठ करून फिरवलं. कालव्याच्या पार शेपटापर्यंत नेलं, सगळ्या चौक्या दाखवल्या. एका मोडक्या दाराशी थांबून ते दार कसं उघडतात, चावी किती फेरे फिरवायची, हे पण सांगितलं. ती म्हणाली, "मेरा घर नदी के पार था." अप्पा म्हणाले, "आसंल. पन हितं बी वाईट न्हाय."

पण खोकला वाढत होता. तिच्या जिवाची रेघ हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळीची नारंगी. अप्पांनी सगळे उपाय केले. तोंडाला बांधायचं फडकं मिळतं, ते बांधलं. वारा सुटला की चरात उतरून बसायचं, राख वरून जाते. उसाचं पाचट पेटवल्यावर शेताच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे ज्याला कळतं, त्याला हे सांगावं लागत नाही. स्वतःच्या वाटणीचं पाणीही तिला दिलं, आणि त्यापायी स्वतः दोनदा मेले. रेघ तरी उतरतच राहिली. मेलेला साथीदार परत येत नाही, हे गेम दर वेळी सुरू होताना बजावून सांगतो.

"आसं फिरवत ऱ्हायला तर आठ-धा दिसांत जाईल ती," इरफान म्हणाला.

"आन् तितं सोडली की?"

"जित्ती ऱ्हाईल की."

"व्हय. पन हितं न्हाय."

इरफाननं बिस्किटाचा पुडा फोडला.

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा अप्पांनी अंघोळ करून धुवट सदरा घातलेला. "आज सोडून येऊ," एवढंच म्हणाले. पुलावर बंदूकवाल्यांची टोळी होती. अप्पा पुलावर गेलेच नाहीत. पुलाखाली पाण्याची मोरी असणार हे त्यांना माहीत होतं, आणि होती. मोरीच्या तोंडाशी अंथरूण सापडलं, तिथं ते झोपले. मग वाकून, एकेक पाऊल, म्हातारीला मागं ठेवून पलीकडं. एकही गोळी सुटली नाही. इरफान म्हणाला, "मानलं बुवा तुमाला!" अप्पांनी ऐकलं नाही.

फाटक आलं. बटण आलं. अप्पांनी दाबलं.

मार्थाबाई चार पावलं पुढं गेल्या, वळल्या, आणि सातवं वाक्य बोलल्या : "तुम अंदर नहीं आओगे?"

फाटक लागलं. अप्पा तोंड उघडत होते तोवर पंखा घरघरत थांबला, टीव्ही काळा झाला. लाईट गेली.

अप्पा रिमोट मांडीवर ठेवून काळ्या पडद्यापुढंच बसून राहिले. बाहेर उसाची ट्रॉली गेली, मग दुसरी. चाळीस मिनिटांनी पंखा हलला. अप्पांनी डबा सुरू केला. पडद्यावर मोरीचं तोंड, अंथरूण, आणि शेजारी डोक्याला फडकं बांधलेली म्हातारी.

"थोडा धीरे चलो, बेटा."

इरफान उडालाच. "आली की परत! बघा! फाटकापुढं झोपला न्हवता तुमी, त्याच्या ध्यानातच न्हाय! अप्पा, आता आसंच करायचं. न्यायची, बोलायची, बंद करायचं. रोज परत येतीया!"

म्हातारी खोकली. नारंगी रेघ आता टोकाला लाल दिसत होती.

"चला," अप्पा म्हणाले.

पुन्हा मोरी, पुन्हा एकेक पाऊल. फाटक. बटण. मार्थाबाई चार पावलं पुढं गेल्या आणि वळल्या.

"तुम अंदर नहीं आओगे?"

"मला न्हाय घेत आत, बाई," अप्पा म्हणाले. "तुमी जावा. औशीद येळंवर घ्या."

फाटक लागलं. फाटकाबाहेर, भिंतीच्या आडोशाला, एक अंथरूण होतं. अप्पा त्यावर गेले. पडद्यावर अक्षरं आली : पुराना सेव मिट जाएगा. हाँ. नहीं.

"थांबा, थांबा," इरफान पुढं सरकला. "मोरीतली झोप पुसली जाईल मंग, बाई परत येनार न्हाय. जरा इचार तरी करा."

"लाईट न्हवती तवा दुसरं काय करत हुतो?" अप्पा म्हणाले, आणि अंगठ्यानं 'हाँ' दाबलं.