एक लिहायला शिकलेला आमदार

माझा धाकटा भाऊ आमदार आहे. कोणत्या मतदारसंघाचा ते सांगत नाही. त्याला नसली तरी मला लाज आहे.

राष्ट्रपतींची निवडणूक आली तेव्हा पक्षानं सगळ्या आमदारांना मुंबईच्या एका भारी हॉटेलात नेऊन ठेवलं. तिथून याचा फोन आला. मी आसगावला आमच्या धानाच्या बांधीत रोपं लावत, रोवणीत होते. हात चिखलाचे, म्हणून सुनेनं फोन माझ्या कानाशी धरला.

"बाई, आज आमची शिकवणी झाली."

"कायची रे?"

"मत कसं द्यायचं त्याची. नावापुढं एकचा आकडा लिहा लागते. बरोबरची खूण केली का मत बाद. सरावात मी खूणच केली. सगळ्यायसमोर उभं केलं ना मले!"

प्रचारात हाच म्हाताऱ्या बायांना सांगत फिरायचा, की बटण दाबायला घाबरू नका.

"कोणाले देऊन राहिला मत?" मी विचारलं.

"वरून नाव आलं."

"माणूस कसा आहे?"

"ते मी कायले पाहू? वरच्यायनं पाह्यलं असंन."

बैल घेतानाही मी त्याचे दात पाहते.

निकाल लागला आणि पक्षाचा उमेदवार निवडून आला. लगेच आमच्या गावात भावाचा सत्कार ठरला. चौकात त्याचा हात जोडलेला भला मोठा फोटो लागला. ऐन रोवणीत गर्दी कुठून आणणार? कार्यकर्ते शेताच्या धुऱ्यावर येऊन बायांना गाडीत बसवून घेऊन गेले. मीही गेले, बहीण म्हणून पहिल्या रांगेत बसले. त्यानं उजवा हात वर केला. "देशाचा राष्ट्रपती या हातानं निवडला!" म्हणाला. ढोल वाजले. बायांच्या लुगड्यांवरचा चिखल अजून ओला होता.

जेवायला तो आमच्याकडे आला. मी वाढत असताना माझे यजमान सहज म्हणाले, "पेपरात आलं, काही आमदारांची मतं बाद झाली म्हणून."

भावाचा घास हातातच राहिला.

"तुझं तर नाही ना?" मी विचारलं.

"गुप्त असते ते, बाई."

"मी तुझी बहीण आहे. सांग."

त्यानं वरण भातात कालवलं. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? आठवतच नाही. पेन हातात घेतला अन् डोकं सुन्न झालं. आकडा लिहिला का खूण केली, देवाले माहीत."

"अन् भाषणात तसं काहून सांगितलं मग?"

"लोकायले आवडते."

त्यानं भात तसाच टाकला, हात धुतला आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. बाहेर पोरं त्याच्या नावाचा जयघोष करत होती. एरवी मी त्याला गाडीपर्यंत सोडायला जाते. त्या दिवशी खरकटी ताटं उचलत घरातच थांबले.